ऑनलाइन बिझनेस चालू असताना को-वर्किंग स्पेस काढायची? खुर्च्यांआधी महिने मोजा

ऑनलाइन ऑर्डर्स वाढल्या की घरातली खोली पुरत नाही. मग डोक्यात येतं, कॉलेज रोडला किंवा इंदिरानगरला जरा मोठी जागा घेऊ, आपलं पॅकिंग एका बाजूला, उरलेल्या जागेत टेबल-खुर्च्या टाकून को-वर्किंग. भाडं पण निघेल, चार पैसे पण सुटतील. आयडिया चांगली आहे. पण गणित व्हिडिओत घाईघाईत झालं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

दोन धंदे, दोन स्वभाव

ऑनलाइन धंद्यात बराचसा खर्च ऑर्डरबरोबर येतो. ऑर्डर आली तर बॉक्स, कुरिअर, कमिशन. ऑर्डर नाही तर हे खर्चही नाहीत. को-वर्किंगचं उलटं आहे. एकही माणूस आला नाही तरी भाडं, वायफाय आणि साफसफाईचा पगार द्यावाच लागतो.

ब्रॅड न्यूबर्ग यांनी २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत को-वर्किंग सुरू केलं, तेव्हा पहिला महिनाभर कोणी फिरकलंच नव्हतं. पण त्यांनी आठवड्यातून दोनच दिवस जागा घेतली होती, त्यामुळे ते टिकून राहिले. याउलट वीवर्क बघा. मालकांशी वर्षानुवर्षांचे करार आणि मेंबर मात्र महिन्याच्या बोलीवर. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीला अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. आपली जागा छोटी असली तरी अडचण तीच. आपण तीन वर्षांसाठी बांधलेले आणि मेंबर पुढच्या महिन्यात जायला मोकळा.

आता गणित

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या एरियाचे टाकून बघा. समजा १,२०० स्क्वेअर फूट जागा आहे. महिन्याचा खर्च असा:

- भाडं: ४०,०००
- वीज: १२,०००
- दोन इंटरनेट लाइन: ३,०००
- मदतनीस आणि सफाई: १५,०००
- चहा, पाणी, दुरुस्ती: ५,०००

एकूण ७५,००० रुपये. आता स्वतःला विचारा, को-वर्किंग नसतं तर पॅकिंग आणि ऑफिससाठी मी किती भाडं दिलं असतं? समजा २०,०००. तेवढा भार तुमच्या ऑनलाइन धंद्याने उचलायचा. राहिले ५५,०००. एक खुर्ची महिना ५,००० ला दिली तर ११ खुर्च्या भरल्यावर खर्च निघतो.

इथपर्यंत सगळे मोजतात. पुढचं बघा. तुमच्याकडे १८ खुर्च्या आहेत आणि सरासरी १४ भरल्या. ७०,००० आले, ५५,००० गेले, हातात राहिले १५,०००. फर्निचर, एसी, वायरिंग, इन्व्हर्टर मिळून ६ लाख घातले असतील, तर ते वसूल व्हायला ४० महिने लागतात. आणि करार आहे ३६ महिन्यांचा! म्हणजे जागा चांगली चालूनही पैसे पूर्ण निघायच्या आत मालक म्हणू शकतो, "भाडं वाढवा नाहीतर खाली करा." तेच काम ३ लाखांत केलं तर २० महिन्यांत वसूल. म्हणून फॉल्स सीलिंग आणि लाइटिंगवर खर्च कमी करा. टेबल, खुर्च्या, सुटा एसी असं घ्या, जे उद्या उचलून नेता येईल.

करारात काय बघायचं?

लीव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करा. तुम्ही ही जागा मेंबरना वापरायला देणार आहात, हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. मालक तोंडी "हो हो, करा" म्हणाला तर ते धरू नका. काही मेंबर जीएसटी नोंदणीसाठी तुमचा पत्ता मागतील, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय तो देऊ नका. आणि लॉक-इन तुमच्यासाठी जितकं कमी तितकं चांगलं.

जीएसटीचं लक्षात ठेवा

सेवा देणाऱ्यांना २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, हे ऐकून बरेच जण निर्धास्त राहतात. पण उलाढाल पॅननुसार एकत्र मोजतात. तुम्ही ऑनलाइन मालासाठी आधीच जीएसटीत रेग्युलर नोंदणीत असाल आणि को-वर्किंग त्याच पॅनवर असेल, तर पहिल्या खुर्चीपासून १८ टक्के लागतो. ५,००० ची खुर्ची मेंबरला ५,९०० ला पडते. कंपनीच्या माणसाला क्रेडिट मिळतं, एमपीएससीच्या विद्यार्थ्याला नाही. त्यामुळे अभ्यासिकेशी दराची स्पर्धा करूच नका, तुमचं गिऱ्हाईक वेगळं आहे.

दुसरी गोष्ट, मालक जीएसटीत नसेल आणि तुम्ही रेग्युलर नोंदणीत असाल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यावसायिक जागेच्या भाड्यावरचा १८ टक्के कर तुम्हालाच भरावा लागतो. ४०,००० वर ७,२०० रुपये. रेग्युलर नोंदणीत क्रेडिट मिळू शकतं, पण आधी रोख भरावे लागतात. सही करायच्या आधी सीएला विचारा.

रोजचं काम

- पॅकिंगची खोली बंद दाराची हवी. सेलोटेपचा खर्रर्र आवाज कोणाच्या क्लायंट कॉलमध्ये गेला की तो मेंबर गेलाच समजा.
- कुरिअरवाल्याची ये-जा वेगळ्या दाराने, नाहीतर ठरलेल्या वेळेत.
- "वायफाय चालत नाही" ही हाक तुमच्यापर्यंत येता कामा नये, मदतनीसाला ते शिकवून ठेवा.

पैसा वेगळा ठेवा

हे सगळ्यात महत्त्वाचं. दिवाळीचा माल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरायचा असतो. नेमक्या तेव्हा चार मेंबर सोडून गेले, तर हात मालाच्या पैशाकडे जातो. माल कमी भरला की सीझन गेला, आणि भाडं काढता काढता चालता धंदा आजारी पडतो. म्हणून बँक खातं वेगळं उघडा आणि चार महिन्यांचा को-वर्किंगचा खर्च, म्हणजे आपल्या उदाहरणात २,२०,०००, आधीच बाजूला ठेवा. २०२७ च्या सिंहस्थाची गर्दी या हिशोबात धरू नका. कुंभाला येणारा माणूस महिन्याची खुर्ची घेत नाही.

आणि सुरुवात कशी? आधी ६ खुर्च्या टाका. त्या सलग तीन महिने भरलेल्या राहिल्या तरच पुढच्या मागवा. मेंबर नसतानाही ती जागा तुमच्या ऑनलाइन धंद्याला झेपत असेल, तर बिनधास्त घ्या. झेपत नसेल तर अजून थोडे दिवस घरच्या खोलीतच पॅकिंग करा, त्यात कमीपणा काही नाही.

तुमच्या एरियाचं भाडं आणि खुर्चीचा दर टाकून हे गणित आज एकदा कागदावर करा, आणि किती महिने आले ते कॉमेंटमध्ये नक्की लिहा!