घरजावयाची चूल

आमच्या आजोळी बोलणे नेहमी चढ्या आवाजात चाले. नवख्या पाहुण्याला वाटावे, भांडण जुंपले आहे! कारण एवढेच, की आजीला ऐकू येत नसे आणि मामालाही येत नसे. आजी काही जन्माची बहिरी नव्हती. तिशीच्या आत तिला क्षयाने गाठले, स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शने झाली. छातीचे दुखणे गेले, पण जाताना कान घेऊन गेले. मामाला लहानपणी कसल्याशा तापात त्याच वर्गातले औषध टोचले होते. तोही त्या दुखण्यातून उठला तो बहिरा होऊनच. माझ्या आईवर असले इंजेक्शन घेण्याची पाळी कधी आली नाही; तिला शेजारच्या बिऱ्हाडातली कुजबुजसुद्धा ऐकू येते!

घरची मंडळी याला नशीब म्हणत. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. नशिबाची चिकित्सा करणे माझ्या विषयात बसत नाही. पण यंदा भाचीचे पहिले बाळंतपण आले, आणि काळजीपोटी मी वाचू लागलो. तेव्हा कळले, की या नशिबाचा पत्ता कदाचित एका अतिशय चिमुकल्या जागी सापडेल.

ती जागा म्हणजे आपल्या पेशीतली तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया. अन्न आणि प्राणवायू यांच्यातून शक्ती काढून ती पेशीला पुरवणे हे तिचे काम. पण तिचे कुळ मोठे मजेदार आहे. दीड अब्ज वर्षांहूनही पूर्वी ती एक स्वतंत्र जिवाणू होती. दुसऱ्या एका पेशीच्या घरात शिरली आणि तिथेच राहिली. लिन मार्ग्युलिस या अमेरिकन विदुषीने १९६७ साली हे मांडले तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली; आज ते सर्वमान्य आहे. थोडक्यात, ही तंतुकणिका म्हणजे पेशीच्या घरचा घरजावई! त्याच्या वडिलोपार्जित इस्टेटीतली काही जनुके नाहीशी झाली, बरीचशी सासऱ्याच्या तिजोरीत, म्हणजे पेशीच्या केंद्रकात, जमा झाली. पण पठ्ठ्याने आपली एक लहानशी चूल मात्र अजून वेगळी ठेवली आहे.

या चुलीवर काय शिजते? अवघी १३ प्रथिने. केंब्रिजमध्ये १९८१ साली माणसाच्या तंतुकणिकेची जनुकलिपी पूर्ण वाचली गेली. तिची अक्षरे १६,५६९ आणि जनुके ३७. त्यांतली १३ प्रथिनांची, आणि उरलेली २४ केवळ ती प्रथिने रांधण्याच्या साधनांसाठी! तंतुकणिकेला लागणारी बाकीची हजाराहून अधिक प्रथिने बाहेरच्या मोठ्या स्वयंपाकघरातून येतात.

खरी पंचाईत इथेच आहे. शक्ती निर्माण करणारी यंत्रे दोन्हीकडच्या भागांनी जोडायची असतात. एका चुलीवरून जास्त आले आणि दुसरीवरून कमी, की उरलेले भाग तसेच पडून राहतात, एकमेकांना चिकटतात, कुजतात म्हणा ना! म्हणून पेशी डोळ्यांत तेल घालून राखण करते. नव्या प्रथिनांच्या घड्या नीट पडाव्यात म्हणून मदतनीस प्रथिने असतात. बिघडलेल्यांचे तुकडे करणारी विकरे आतल्या पडद्यावरच बसलेली असतात. ही राखण किती मोलाची आहे पाहा: अशाच एका विकराचा एक घटक, पॅराप्लेजिन, सदोष असला तर माणसाचे पाय हळूहळू ताठरत जातात, हे १९९८ साली उघड झाले. कचरा फारच साचला तर आतून केंद्रकाकडे निरोप जातो आणि तिथून जादा मदतनीस धाडले जातात. तेही निभावले नाही, तर ती अख्खी तंतुकणिकाच गिळून टाकण्याची सोय पेशीपाशी आहे. जावई असला म्हणून काय झाले!

आता कानाकडे येऊ. प्रथिने रांधणारे साधन म्हणजे रायबोसोम. स्ट्रेप्टोमायसीन, जेंटामायसीन ही औषधे जिवाणूंच्या रायबोसोमला चिकटतात, त्याच्याकडून वाचनात चुका करवतात आणि जिवाणूंना मारतात. आपल्या तंतुकणिकेचा रायबोसोम जिवाणूंच्याच कुळातला, तरी युगायुगांत इतका बदललेला, की सहसा तो यातून बचावतो. पण काहींच्या लिपीत १५५५व्या जागी 'ए' या अक्षराऐवजी 'जी' असते. मुद्रितशोधन करणाऱ्यालाच कळेल, एका वेलांटीने 'दिन' कसा 'दीन' होतो ते! या एका अक्षराने तो रायबोसोम पुन्हा जिवाणूच्या वळणावर जातो आणि औषध त्यालाही चिकटते. मग १३ प्रथिनांत चुका शिरतात आणि राखणदारांचे काही चालत नाही. कानाच्या आतल्या १५-१६ हजार केसपेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हा उलगडा १९९३ साली झाला.

तंतुकणिका मुलांना मिळते ती आईकडूनच. म्हणजे आजीचे ते अक्षर असलेच, तर ते आईकडे आहे, माझ्याकडे आहे, ताईकडे आहे आणि तिच्याकडून भाचीकडे. मामाची मुले सुटली, माझीही सुटली. अर्थात, या औषधांची मात्रा फार झाली तर हे अक्षर नसलेल्याचाही कान जातो, तेव्हा आजीच्या बाबतीत नेमके काय घडले ते आता कोण सांगणार?

पण भाचीच्या बाळाचे काय? नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला, तर डॉक्टर पुष्कळदा जेंटामायसीनच देतात, आणि ते योग्यच आहे. त्याने बाळे वाचतात. इंग्लंडमध्ये, जिथे पाचशेत सुमारे एकाजवळ हे अक्षर सापडते, मँचेस्टरच्या मंडळींनी गालाच्या आतून बोळा फिरवून २६ मिनिटांत निकाल देणारी चाचणी काढली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात अशी तीन बाळे सापडली, आणि त्यांना दुसरे औषध देता आले.

ही सगळी हकीकत मी ताईला सांगितली तेव्हा ती आधी हसली आणि मग गप्प झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे प्रसूतिगृहात गेलो. डॉक्टरीणबाईंनी आजी आणि मामा यांची माहिती खोदखोदून विचारली आणि भाचीच्या फाइलच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईने दोन ओळी लिहिल्या. भाचीचे रक्त तपासणीला गेले आहे, निकाल यायचा आहे. तारीख भाऊबीजेच्या आसपासची दिली आहे.