पदवीदान समारंभ

विद्यापीठाची विहित परीक्षा उत्तीर्ण झालेल्या अथवा ज्यांचा प्रबंध मान्य झाला आहे अशा विद्यार्थ्यांना पदव्या, पदविका व पदके विधिपूर्वक देण्याचा विद्यापीठाचा औपचारिक समारंभ. यास दीक्षान्त समारंभ असेही म्हणतात. दीक्षा म्हणजे व्रताचा स्वीकार. अध्ययनाचे व्रत पुरे झाल्यावर होणारा विधी तो दीक्षान्त. मराठीत ‘पदवीदान’ हा शब्द अधिक रूढ आहे. तथापि पदवी विद्यार्थ्याने स्वतःच्या श्रमाने मिळविलेली असते, तिचे दान कसे होईल, असा आक्षेप घेऊन अलीकडे ‘पदवीप्रदान’ हा शब्द योजण्याकडे कल दिसतो. आक्षेपात तथ्य असले, तरी जुना शब्द लोकांच्या तोंडून गेलेला नाही.

परीक्षा उत्तीर्ण होणे आणि पदवीधर होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सामान्यतः लक्षात घेतले जात नाही. निकालाने विद्यार्थी पदवीस पात्र ठरतो. पदवी मिळते ती विद्यापीठाने आपल्या अधिकारात ती प्रदान केल्यानंतर. मधल्या काळात विद्यार्थ्याचे काम तात्पुरत्या प्रमाणपत्रावर चालते. या दोहोंतील अंतर किती लांबू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. पदवी. १९१३ ते १९१६ या काळात ते तेथे शिकत होते. परंतु प्रबंधाच्या मुद्रित प्रती सादर झाल्याविना पदवी अधिकृतपणे देण्याची त्या विद्यापीठात प्रथा नव्हती. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००८ च्या विनियमांनुसार विद्यार्थी पात्र होणे अपेक्षित असलेल्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पदवी दिली गेली पाहिजे. पदवीदान समारंभाची तयारी ही त्यामुळे केवळ उत्सवाची तयारी नसून एका वैधानिक कृतीची तयारी असते.

पूर्वपीठिका : प्राचीन भारतात गुरुगृही अध्ययन संपल्यावर शिष्याचा समावर्तन संस्कार होत असे. त्यातील विधिपूर्वक स्नान हे प्रमुख अंग. त्यावरूनच ‘स्नातक’ ही संज्ञा आली व ती आजही पदवीधर या अर्थी हिंदीत सर्रास वापरली जाते. घरी परतणाऱ्या शिष्याला आचार्याने करावयाचा उपदेश तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आला असून सत्य बोलणे, कर्तव्याचे आचरण करणे, स्वाध्यायात खंड न पाडणे आणि माता, पिता, आचार्य व अतिथी यांना देवासमान मानणे, असा त्याचा आशय आहे. अनेक भारतीय विद्यापीठांत दीक्षान्त उपदेश म्हणून याच अनुवाकाचा आधार घेतला जातो. [⟶ संस्कार, स्नातक].

आजच्या समारंभाचा बाह्य आकार मात्र यूरोपीय आहे. मध्ययुगात बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड इ. ठिकाणी पदवी म्हणजे मुळात अध्यापनाचा परवाना होता. ‘डॉक्टर’ या शब्दाचा लॅटिन धातूही शिकविणे याच अर्थाचा आहे. अध्यापक व विद्यार्थी हे बहुधा धर्मसंस्थेशी संबद्ध असल्याने त्यांचा लांब झगा हा धर्मोपदेशकांच्या वेषातूनच आला. थंड दगडी इमारतींत त्याची ऊबही उपयोगी पडत असावी. कोकणच्या दमट हवेत तो सोयीचा म्हणता येणार नाही.

मुंबई विद्यापीठ : वुडच्या १८५४ च्या खलित्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या पहिल्या तुकडीतून १८६२ मध्ये चौघे पदवीधर झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. विद्यापीठाला त्या वेळी स्वतःची वास्तू नव्हती. त्यामुळे पहिला पदवीदान समारंभ टाउन हॉलमध्ये झाला. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर हे पदसिद्ध कुलपती या नात्याने त्याचे अध्यक्ष होते. पुढे सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून खास या समारंभासाठी सभागृह उभारण्यात आले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्लिश वास्तुशिल्पज्ञाने त्याचा आराखडा केला व १८७४ मध्ये ते पूर्ण झाले. बारा राशींची चित्रे असलेले रंगीत काचांचे वर्तुळाकार गवाक्ष हे त्याचे वैशिष्ट्य होय. शेजारच्या राजाबाई मनोऱ्यासह ही वास्तू २०१८ पासून जागतिक वारसास्थळाचा भाग आहे. १८६२ च्या चौघांपैकी भांडारकर १८९३ मध्ये याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. स्त्रियांना विद्यापीठाची दारे १८८३ मध्ये उघडली आणि त्या दशकाच्या अखेरीस डेक्कन कॉलेजच्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या.

चार पदवीधरांच्या समारंभात प्रत्येकाचे नाव पुकारून त्याच्या हाती सनद देणे शक्य होते. अलीकडे हेच विद्यापीठ एका वर्षी दीड लाखाहून अधिक पदव्या देते. समारंभाच्या तयारीचे सारे स्वरूप या संख्येने बदलून टाकले आहे.

पूर्वतयारी : समारंभाच्या कित्येक महिने आधी परीक्षा विभागाचे काम सुरू होते. निकालपत्रकांवरून विद्याशाखा, अभ्यासक्रम व महाविद्यालय यांनुसार पात्र विद्यार्थ्यांच्या याद्या तयार होतात. राखून ठेवलेले निकाल, पुनर्मूल्यांकनात बदललेले गुण, अन्य विद्यापीठांतून आलेल्यांच्या पात्रतेचे प्रश्न यांचा निर्णय त्याआधी व्हावा लागतो. एरवी विद्यार्थ्याचे नाव पुढील वर्षावर जाते. याद्यांना विद्यापीठाच्या प्राधिकरणांची संमती लागते. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती राज्यपालच असल्याने समारंभाचा दिवस त्यांच्या सवडीनेही ठरतो.

तयारीतील सर्वांत नाजूक भाग प्रमाणपत्राचा होय. पूर्वी नावे सुलेखनकाराकडून हाताने लिहून घेत. आता ती संगणकावरून छापली जातात आणि कागदात बनावटगिरी टाळण्याच्या खुणा असतात. त्यावर कुलगुरूंची स्वाक्षरी व विद्यापीठाची मुद्रा असते. शालान्त प्रमाणपत्रावर नाव ज्या अक्षरांत आहे त्याच अक्षरांत, देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत, ते यावे लागते. आडनावाच्या स्पेलिंगमधील एका अक्षराचा फरक पुढे नोकरीत वा पारपत्राच्या वेळी आडवा येतो आणि प्रतिज्ञापत्रे करीत बसावे लागते. म्हणून नोंदणी अर्ज भरताना विद्यार्थ्याने नाव स्वतः तपासणे, ही त्याच्या बाजूची खरी पूर्वतयारी. झगा भाड्याने आणणे ही नव्हे. चूक विद्यापीठाकडूनही होते. २०२५ च्या समारंभात मुंबई विद्यापीठाने दिलेल्या अनेक प्रमाणपत्रांवरील बोधचिन्हात विद्यापीठाच्याच इंग्रजी नावात एक अक्षर अधिक छापले गेल्याचे आढळले व ती विनाशुल्क बदलून देण्याचे विद्यापीठास जाहीर करावे लागले.

समारंभापूर्वी रंगीत तालीम घेण्याचा प्रघात आहे. आसनांचा क्रम, उभे राहण्याची व बसण्याची वेळ, व्यासपीठावर कोणत्या बाजूने चढावयाचे, या गोष्टी तीत ठरतात. प्रत्यक्ष दिवशी अधिसभा व विद्यापरिषद यांचे सदस्य, अधिष्ठाते, कुलसचिव, कुलगुरू, प्रमुख पाहुणे व कुलपती यांची मिरवणूक सभागृहात येते. अग्रभागी विद्यापीठाच्या अधिकाराचे प्रतीक असलेला दंड धरलेला असतो. कुलपती वा कुलगुरू समारंभ सुरू झाल्याचे घोषित करतात. प्रत्येक विद्याशाखेचा अधिष्ठाता आपल्या शाखेचे विद्यार्थी पात्र असल्याचे निवेदन करून त्यांना पदवी द्यावी अशी विनंती करतो. विद्यार्थी उभे राहतात, अधिकारवाचक शब्द उच्चारले जातात आणि त्या क्षणी ते सर्व, उपस्थित तसेच अनुपस्थितही, पदवीधर होतात. मोठ्या विद्यापीठांत व्यासपीठावर बोलावून सन्मान होतो तो प्रायः पीएच.डी. मिळविणाऱ्यांचा व पदकविजेत्यांचा.

वेष : झगा, खांद्यावरील विद्याशाखानिदर्शक रंगाची पट्टी आणि गोंड्याची चौकोनी टोपी हा वेष भारतीय विद्यापीठांनी दीर्घकाळ जसाच्या तसा चालविला. छायाचित्रकाराच्या दुकानात भाड्याचा झगा चढवून हातात कागदाची गुंडाळी धरलेले छायाचित्र मराठी मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यात हमखास दिसे. गुंडाळीचा कागद पुष्कळदा कोराच असे. २०१० मध्ये भोपाळ येथील वनव्यवस्थापन संस्थेच्या समारंभात तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी वसाहतवादी अवशेष म्हणून झगा व्यासपीठावरच उतरविला. त्यानंतर उत्तरीय वा उपरणे स्वीकारण्याकडे संस्थांचा कल वाढला आणि विद्यापीठ अनुदान आयोगानेही हातमागाच्या कापडाचा पुरस्कार केला. पण देशी वेष म्हणजे नेमका कोणाचा, हा प्रश्न त्याने सुटत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने जानेवारी २०१९ च्या समारंभासाठी पुणेरी पगडी योजिली, तेव्हा काही विद्यार्थी संघटनांनी महात्मा फुले यांच्या पागोट्याचा आग्रह धरून समारंभस्थळी निषेध केला. डोक्यावरील वस्त्र महाराष्ट्रात केवळ वस्त्र नसते.

दीक्षान्त भाषण : प्रमुख पाहुण्यांचे भाषण हे समारंभाचे प्रमुख अंग मानले जाते. बहुतेक भाषणे विस्मृतीत जातात. काही इतिहासात राहिली ती वेगळ्या कारणांनी. कलकत्ता विद्यापीठात फेब्रुवारी १९०५ मध्ये लॉर्ड कर्झन याने सत्याचा उच्च आदर्श ही पाश्चात्त्यांची कल्पना असल्याचे सूचित केल्यामुळे मोठा क्षोभ उसळला. त्याच विद्यापीठाच्या ६ फेब्रुवारी १९३२ च्या समारंभात बीना दास या पदवी घेण्यास आलेल्या क्रांतिकारक तरुणीने गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या. तो बचावला व तिला नऊ वर्षांची शिक्षा झाली. तिची पदवी तिच्या मृत्यूनंतर, २०१२ मध्ये देण्यात आली. १९३७ मध्ये रवींद्रनाथ टागोर यांनी तेथेच बंगालीत दीक्षान्त भाषण करून इंग्रजीची परंपरा मोडली.

महाविद्यालयीन समारंभ : मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र मुंबईपुरते नसून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांपर्यंत पसरलेले आहे. दूरच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने फोर्टमधील सभागृह हे प्रायः चित्रातच पाहावयाचे स्थळ होते. पालघर तालुक्यातील नवापूर, आलेवाडी, मुरबे यांसारख्या किनारी गावांचे उदाहरण घेता येईल. हा भाग १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. पालघरला सोनोपंत दांडेकर यांच्या नावाचे महाविद्यालय १९६८ मध्ये निघाले. तारापूरचे अणुविद्युत् केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले आणि बोईसरलगत औद्योगिक वसाहत वाढली. मासेमारी, बागायत वा शेतमजुरी यांवर जगणाऱ्या घरांतून पदवीपर्यंत पोहोचणारी पहिली पिढी यानंतरच्या काळातली. बोईसर ते चर्चगेट हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या एप्रिल २०१३ मध्ये धावू लागल्या. सकाळच्या समारंभासाठी पहाटे घर सोडावयाचे, झग्याचे भाडे व अनामत भरावयाची, एका दिवसाची मजुरी वा बोटीवरची फेरी बुडवावयाची आणि सभागृहात पालकांना जागा मिळेल याची शाश्वती नाही, अशा स्थितीत ‘अनुपस्थितीत पदवी’ हाच पर्याय बहुतेकांना व्यवहार्य वाटे. सनद पुढे महाविद्यालयाच्या कार्यालयातील खिडकीवर सही करून मिळे.

विद्यापीठाच्या मुख्य समारंभानंतर प्रमाणपत्रे महाविद्यालयांकडे पाठवून तेथे पदवी वितरण समारंभ भरविण्याची पद्धत अलीकडे रूढ झाल्याने ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली आहे. वैधानिक दृष्ट्या पदवी आधीच दिली गेलेली असते. महाविद्यालयात होते ते वितरण. परंतु नाव पुकारले जाते ते येथेच. त्याची तयारीही निराळी असते. प्रमाणपत्रांचे गठ्ठे नोंदवहीशी ताडून पाहणे, नोकरीनिमित्त बाहेर गेलेल्या माजी विद्यार्थ्यांचा पत्ता काढून त्यांना कळविणे, उत्तरीये मोजून आणणे, मंडप घालणे ही कामे प्राध्यापक व कार्यालयीन सेवक मिळून करतात. समारंभाचा दिवस शक्यतो आठवड्याच्या अखेरीचा धरला, तर कारखान्यात पाळीवर काम करणाऱ्या पदवीधरांना येणे सोपे जाते. नावांचा उच्चार आधी विचारून घेणारा निवेदक असणे, ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी महत्त्वाची आहे. आईवडील त्या एका उच्चारासाठीच आलेले असतात. त्यांची आसने पुढे ठेवावीत, की पाहुण्यांची, याचा निर्णय संयोजकांच्या हाती असतो.

करोनाच्या साथीत हे सारे थांबले. २३ ऑगस्ट २०२० रोजी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने आभासी समारंभ घेऊन विद्यार्थ्यांच्या संगणकीय प्रतिमांना पदव्या दिल्या. पदव्यांच्या राष्ट्रीय संगणकीय निक्षेपागारामुळे प्रमाणपत्राची अधिकृत प्रत भ्रमणध्वनीवरही उपलब्ध होऊ लागली असून नोकरी वा प्रवेशाच्या वेळी तीच दाखविली जाते. साथ ओसरल्यावर समारंभ मात्र पुन्हा पूर्ववत भरू लागले. [⟶ परीक्षा, मुंबई विद्यापीठ, विद्यापीठ].