विश्लेषण : ॲप सल्ला देतंय, मग कृषी सहायकाचं काम काय?

वऱ्हाडात कपाशीवर काय फवारायचं, हे बरेचदा कृषी केंद्राच्या काउंटरवर ठरतं. दुकान जवळ असतं, दुकानदार ओळखीचा आणि उधारीही मिळते. अडचण एवढीच की सल्ला देणारा आणि बिल फाडणारा माणूस एकच. कृषी सहायकाचा सल्ला फुकट असतो, पण पंचनामे आणि अनुदानाच्या अर्जांतून तो बांधावर पोहोचला तर!

२०२५ मध्ये राज्य सरकारने ‘महाविस्तार’ हे एआय ॲप आणलं. मराठीत प्रश्न विचारा, पीक सल्ला, हवामान, बाजारभाव मोबाइलवर. त्याच वर्षी कृषी सहायकाचं पदनाम ‘सहायक कृषी अधिकारी’ झालं. नाव बदललं, आता काम बदलणार का?

ॲप कुठे अडतं?

गुलाबी बोंडअळीचंच घ्या. अळी बोंडाच्या आत असते. वरून बोंड चांगलं दिसतं, त्यामुळे फोटोत काहीच सापडत नाही. फवारणीची वेळ आली का, हे मोजूनच कळतं. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावायचे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले, तर नुकसानीची पातळी ओलांडली. किंवा शेतातली २० हिरवी बोंडं फोडायची. दोनमध्ये अळी किंवा प्रादुर्भाव दिसला तरी तेच. हा आकडा हाती नसेल तर ॲप काय, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञही नेमका सल्ला देऊ शकणार नाहीत.

चुकीच्या फवारणीची किंमत?

२०१७ मध्ये अमरावती विभागातल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. नको ती फवारणी टळली, तर फक्त पैसेच वाचत नाहीत.

मग सल्लागाराने करायचं काय?

औषधाचं नाव सांगायला आता ॲप आहे, किसान कॉल सेंटरही (१८००-१८०-१५५१) आहे. सल्लागाराने मोजायला शिकवावं. आणि हे कुणाला शिकवायचं, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. निंदण-वेचणीत डोमकळी, म्हणजे अळीने पाकळ्या गुंडाळलेलं फूल, आधी दिसतं ते बायांना. घरातला स्मार्टफोन मात्र बहुतेकदा पुरुषाच्या खिशात, आणि शेतीशाळेचा निरोपही त्यालाच जातो.