गोधडीतलं चित्र

मुलांनो, थंडी पडली की आपल्या नांदुऱ्यात माळ्यावरच्या, पेटीतल्या गोधड्या बाहेर निघतात. लहानपणी घरी पाहुणे आले की मी आमची गोधडी गुपचूप पलंगाखाली सरकवायची. ठिगळांची लाज वाटायची ना! वर नवी सोलापुरी चादर पसरायची.

एकदा आजीनं पाहिलं. ती रागावली नाही. एकेका तुकड्यावर बोट ठेवत म्हणाली, "हे माह्या सासूचं लुगडं, हा तुह्या बापाचा सदरा, अन् हे तुहं झबलं." मी तेवढं ऐकलं आणि खेळायला पळाले.

गोधडी शिवताना पाहिलीय का? खाली जुनं लुगडं ताणून अंथरायचं, त्यावर विरलेल्या कपड्यांचे थर लावायचे, वर रंगीत तुकडे मांडायचे. मग कडेपासून आत धावदोरा घालत जायचं. आजी मात्र आधी लांब उभी राहून बघे. लाल इथे नको, तिथे बरा! त्यात ना फूल, ना पक्षी. नुसते रंग आणि आकार. अशा कलेला 'अमूर्त कला' म्हणतात.

१९११ साली पॅरिसमध्ये सोनिया दलोने या चित्रकर्तीनं तान्ह्या मुलासाठी कापडाचे तुकडे जोडून पांघरूण शिवलं. त्यातून तिला नव्या तऱ्हेच्या चित्रांची वाट सापडली! ते पांघरूण पॅरिसच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जपून ठेवलं आहे.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड हे गाव आहे. आपल्यासारखाच तिथेही कापूस पिके. तिथल्या गरीब कृष्णवर्णीय बायका शेतात घालून फाटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. २००२ साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर झळकल्या. आणि मी आमची लपवत होते!

या रविवारी तुम्हीही करून बघा. शिंप्याकडच्या चिंध्या, पोत्याचा तुकडा, सुतळी, जुनी बटणं गोळा करा. पुठ्ठ्यावर मांडा. लगेच चिकटवू नका; तुकडे हलवा, लांबून बघा. मनासारखं जमलं की डिंकानं चिकटवा, नाहीतर टाके घाला. आईबाबांनो, मुलांच्या हाती सुई असेल तेव्हा जवळ बसा बरं का.

पण त्याआधी एक काम. घरातली गोधडी उलगडा, कुठला तुकडा कुणाचा ते आजीला विचारा आणि वहीत लिहून ठेवा. माझी आजी आता नाही. आमच्या गोधडीतले तीनच तुकडे मला ओळखता येतात. बाकीचे कुणाचे, ते सांगणारं आता कुणी नाही.

तुम्ही विचाराल ना?