अबोलांचा छंद आणि घरबसल्या शिक्षण

बोलणाऱ्याची मातीही खपते व न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, हा बाजाराचा अनुभव शेतकरीवर्गास नवा नाहीं. धान्याच्या बाबतींत निदान वजन व प्रत तरी साक्षीस असते. चित्रें, विणकाम, मातीकाम अशा हातच्या कलांचें तसें नाहीं. करणारा अबोल असला कीं त्याची वस्तु फडताळांतच राहते, आणि घरचीं माणसेंही त्यास कांहीं येत नाहीं असें समजूं लागतात. असे मुलगे, सुना वा वृद्ध गांवोगांवीं आहेत.

अबोलपणा हा दोष नव्हे. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनीं १९२१ सालीं अंतर्मुख व बहिर्मुख अशा दोन वृत्तींचें विवेचन केलें. अंतर्मुखाचें लक्ष बाहेरच्या गलबल्यापेक्षां स्वतःच्या अंतरंगाकडे अधिक वळतें, इतकाच त्याचा अर्थ.

आपल्याकडचेंच उदाहरण पाहावें. डहाणू तालुक्यांतील जिव्या सोमा म्हसे यांची आई ते लहान असतांनाच निवर्तली, आणि त्यांनीं कित्येक वर्षें बोलणेंच टाकलें. मनांतलें सांगावयाचें तें ते धुळींत चित्रें काढून सांगत. लग्नप्रसंगीं भिंतीवर तांदळाच्या पिठानें चित्रें रेखाटणें हें वारली स्त्रियांचें काम. म्हसे यांनीं तें आपलें नित्याचें केलें. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी यांनीं हीं चित्रें कागदावर आणवून बाहेरच्या जगापुढें ठेविलीं. २०११ सालीं म्हसे यांस पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. कला न बोलतां वाढली खरी, परंतु ती लोकांपुढें नेण्यास दुसरा मनुष्य लागला. ज्यास असा मनुष्य भेटत नाहीं, त्यास आज मोबाइलचा कांहीं उपयोग करून घेतां येतो.

ऑनलाइन वर्ग दोन प्रकारचे असतात. ध्वनिचित्रमुद्रित पाठ हवा तेथें थांबवून पुनःपुन्हां पाहतां येतो. प्रत्यक्ष वर्गांत बहुधा कॅमेरा बंद ठेवून शंका लिहून विचारतां येते. चारचौघांत उभें राहण्याचें भय उरत नाहीं. भारत सरकारच्या २०१७ सालीं सुरू झालेल्या 'स्वयं' या व्यवस्थेंत अनेक विषयांचे पाठ विनामूल्य आहेत. प्रमाणपत्राच्या परीक्षेस मात्र शुल्क पडतें. खासगी वर्गास पैसे भरण्यापूर्वीं एखादा पाठ पाहावा, आणि शिक्षक आपलें काम तपासून दोष दाखवितो कीं नाहीं हें विचारावें. पेरणीनंतरची उसंत यास चांगली. मात्र एक तास पाहिलें तर दोन तास हात चालला पाहिजे. नुसतें बांधावरून पाहून नांगर धरतां येत नाहीं.

आतां आपलें काम लोकांस कळविण्याविषयीं. अबोल मनुष्यानें भाषण करूं नये. वस्तूस बोलूं द्यावें. सकाळच्या उजेडांत तिचें छायाचित्र घ्यावें, आणि खालीं ती कशाची केली, लांबीरुंदी किती, दिवस किती लागले व किंमत काय, एवढेंच लिहावें. किंमत आधींच ठरविली म्हणजे घासाघीस टळते. नेहमींच्या प्रश्नांचीं उत्तरें लिहून ठेवावीं. आठवड्यांतून एकच दिवस यासाठीं नेमावा. रोज किती जणांनीं वाहवा केली हें मोजीत बसल्यास हातचें काम राहतें. पैसे येण्यास आपला गुप्त अंक कोणास सांगावा लागत नाहीं, हेंही पक्कें ध्यानांत असावें.

वारली चित्रकलेस २०१४ सालीं भौगोलिक निर्देशन मिळालें आहे. ती शिकावयाची तर त्या समाजांतील कलावंतास योग्य मोबदला देऊन शिकावी. आपली नक्कल त्यांच्या नांवावर विकूं नये.

शेवटीं घरच्या कर्त्यांस विनंति कीं, अबोल मुलास पाहुण्यांपुढें ओढून आणून 'बोल' म्हणून दटावूं नये. त्यास रोज एक तास, एक कोपरा व थोडें साहित्य द्यावें. रोपास पाणी घालावें. तें ओढून लांब करतां येत नाहीं, हें शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको.