जुन्या संगणकाला नवा रंग

मुलांच्या शिक्षणासाठी संगणक हवा, पण नव्याची किंमत झेपत नाही, ही अडचण आपल्या कितीतरी घरांत आहे. मग पुण्याच्या एखाद्या कचेरीने काढून टाकलेला संगणक घरी येतो. यंत्र चालू असते, परंतु पुढचे प्लॅस्टिक पिवळे पडलेले, ओरखडे उठलेले, जुन्या चिठ्ठ्यांचा डिंक तसाच चिकटलेला. मुलगा म्हणतो, याला रंग देऊ. आईला तो नसता खर्च वाटतो. वडिलांना भीती, की रंगाने यंत्रच बिघडेल. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील वाचकांशी आज आम्ही याच विषयावर बोलणार आहोत. रंग घरी देता येतो आणि थोडक्या पैशात देता येतो. मात्र त्याची एक रीत आहे. ती पाळली नाही तर रंग निघून जातोच, शिवाय छातीचे दुखणे मागे लागते.

प्लॅस्टिक पिवळे का पडते?

संगणकाच्या पेटीचे अंग बहुधा पत्र्याचे असते आणि पुढचा दर्शनी भाग एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचा. कारखान्यात या प्लॅस्टिकला वरून रंग देत नाहीत. प्लॅस्टिकच्या दाण्यातच रंग मिसळतात आणि मग साच्यात ओततात. १९९८ साली ॲपल कंपनीने निळसर पारदर्शक आयमॅक बाजारात आणला आणि संगणक म्हणजे मळकट पांढरा खोका ही समजूत मोडली, तोही रंग प्लॅस्टिकच्या आतलाच होता. त्यामुळे तो खरवडून निघत नाही. पण ऊन, उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन यांमुळे एबीएसमधील रबरासारखा घटक हळूहळू खराब होतो. आग लागू नये म्हणून मिसळलेली ब्रोमीनयुक्त रसायनेही त्यात भर घालतात. म्हणून खिडकीजवळचा संगणक लवकर पिवळा पडतो. ती घाण नव्हे, म्हणून घासून जात नाही.

हे ज्ञान आपल्या दारात आहे

शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत मोटारी, फ्रिज, टीव्ही यांचे कारखाने आहेत. २०२२ साली केंद्र सरकारने तेथे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनासाठी स्वतंत्र क्षेत्रही मंजूर केले. मोटारीचे दार पत्र्याचे आणि बंपर प्लॅस्टिकचा, तरी दोन्हींचा रंग एकसारखा दिसतो, हे आपण रोज पाहतो. त्यामागे धुणे, प्रायमर, रंग आणि वरचा चकाकीचा थर असा ठरलेला क्रम असतो. आपल्या भागातील अनेक तरुण अशा कारखान्यांत जातात. शिरूरहून न्हावरे, चौफुला करीत दौंडला जाताना रस्त्याकडेच्या गॅरेजमध्येही ड्यूको मारणारे कारागीर भेटतात. संगणकाच्या प्लॅस्टिकला रंग देण्याची विद्या यांच्या विद्येहून वेगळी नाही.

रंग देण्याची रीत

प्रथम वीज काढून घ्यावी. पुढचा प्लॅस्टिकचा भाग पेटीपासून पूर्ण सुटा करावा. आतल्या बाजूला एबीएस, एचआयपीएस किंवा पीपी अशी इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात, ती पाहावीत. पीपी असेल तर साधा रंग त्यावर धरत नाही. त्यासाठी वेगळा प्रायमर लागतो.

मग भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात भाग धुवावा. तेलकट बोट लागले तरी तेथे रंग फाटतो, म्हणून वाळल्यावर बोटे न लावता धरावा. नंतर ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा आणि शेवटी ६०० नंबरचा. चमक गेली, हात फिरवल्यावर मऊ खरखर लागली, की पुरे. कोरडे घासू नये. ती धूळ नाकात जाणे बरे नव्हे. खोल ओरखड्यात लांबी भरून पुन्हा घासावे.

त्यानंतर प्लॅस्टिकचा प्रायमर आणि त्यावर रंग. डबा दोन मिनिटे हलवून वीसएक सेंटीमीटर अंतरावरून फवारावा. एकच जाड थर दिला तर ओघळ येतात. तीन-चार पातळ थर द्यावेत आणि मध्ये दहा-पंधरा मिनिटे थांबावे. थिनर आणि ॲसिटोन एबीएसला विरघळवतात, म्हणून रंग सुटा घ्यायचा झाल्यास आधी आतल्या बाजूच्या कोपऱ्यावर ठिपका लावून पाहावा. रंग काही तासांत हाताला लागेनासा होतो, पण पुरता कठीण होण्यास आठवडा लागतो. तेवढे दिवस भाग पुन्हा बसवू नये.

आपल्याकडे पाऊस कमी आणि वारा-धूळ फार. म्हणून सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, जमिनीवर पाणी शिंपडून काम करावे. वैशाखातल्या दुपारी रंग हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. दमट दिवशी काही रंगांवर पांढरट झाक येते.

कशाला रंग देऊ नये?

हवेची छिद्रे, पंखा, जोडण्यांची तोंडे आणि आतील कोणताही भाग रंगवू नये. हवा कोंडली तर यंत्र तापते. कीबोर्डची बटणे रंगवू नयेत; बोटांच्या घामाने रंग महिन्या-दोन महिन्यांत उडतो. लॅपटॉपच्या झाकणावर धातूचे कण असलेला रंग दिल्यास वायफायचे संदेश क्षीण होऊ शकतात. वीज पुरवणारी आतली डबी आणि जुन्या नळीच्या पडद्याचे मागचे आवरण कधीही उघडू नये. वीज काढल्यावरही त्यांत जीवघेणा दाब शिल्लक राहतो.

श्वास आधी, रंग नंतर

माता-भगिनींनी ही बाब विशेष लक्षात घ्यावी. फवाऱ्याचा रंग स्वयंपाकघरात किंवा एकाच खोलीच्या घरात कधीही मारू नये. जवळ गॅस, विडी, अगरबत्ती पेटलेली नसावी. वाफ क्षणात पेट घेते. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. हार्डनर मिसळून द्यायचे पीयू रंग तर घरी वापरूच नयेत. त्यांतील आयसोसायनेटमुळे दमा जडतो आणि एकदा जडला की थोडासा वासही सोसत नाही. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना त्या जागेपासून लांब ठेवावे.

शिशाचाही विचार हवा. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिसे दहा लाखात ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. औद्योगिक रंग या नियमाबाहेर आहेत. म्हणून गॅरेजमधला उरलेला रंग फुकट मिळाला तरी मुलाच्या हाताखालच्या वस्तूला देऊ नये. डब्यावरील शिशाची नोंद वाचूनच रंग घ्यावा.

पैसा कशावर खर्चावा?

रंगाने संगणक वेगाने चालत नाही. हाती मोजके पैसे असतील तर ते आधी मेमरी वाढवण्यास आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्यास द्यावेत. उरले तर रंग. तरीही हा खर्च आम्ही वाया म्हणणार नाही. दुसऱ्याने टाकलेली वस्तू आपल्या हाताने नीट केली, की मुलगा वा मुलगी ती जपते आणि तिच्यापुढे बसायला संकोच करीत नाही. शिवाय हात बसला तर दुचाकीचे पॅनेल, मिक्सरचे अंग, पंख्याची पाती अशी कामे गावातच मिळू शकतात. आयटीआयमध्ये पेंटर जनरल हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. ज्यांच्या मुलांना या कामाची गोडी दिसेल, त्यांनी जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन त्याची चौकशी करावी, आणि पहिला धडा म्हणून मास्क विकत घेऊन द्यावा.