‘बहिष्कृत’ ते ‘प्रबुद्ध’ : दोन विशेषणांचा इतिहास

व्याकरणात विशेषण हे नामाचा गुण सांगणारे, म्हणून नामाच्या अधीन मानले जाते. समाजाच्या इतिहासात मात्र विशेषणानेच नामावर सत्ता गाजविलेली दिसते. माणूस मागे राहतो आणि त्याला चिकटविलेले विशेषण पुढे चालते. आपल्या वाट्याला आलेल्या अशा शब्दांपैकी ‘बहिष्कृत’ या विशेषणाचा प्रवास नव्या पिढीने समजून घ्यावा असा आहे.

‘बहिस्’ म्हणजे बाहेर आणि ‘कृत’ म्हणजे केलेला. बाहेर काढलेला, तो बहिष्कृत. जातीचे नियम मोडणाऱ्यास जातीबाहेर टाकण्याची शिक्षा जुनी आहे; मराठीत तिलाच ‘वाळीत टाकणे’ म्हणतात. अशा माणसाशी पंगत, सोयरीक आणि व्यवहार बंद होत. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींवर ग्रामण्याचे संकट ओढवले. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला आणि प्रायश्चित्ताचा मार्ग निघाला. म्हणजे उच्चवर्णीयांच्या बाबतीत बहिष्काराला कारण होते आणि त्यातून परतीची वाटही होती. अस्पृश्य मानलेल्या माणसाकडे मात्र ना अपराध होता, ना प्रायश्चित्ताची सोय. त्याचे ‘बाहेर’ असणे जन्मानेच ठरलेले होते.

१९०५ च्या वंगभंगानंतर ‘बहिष्कार’ या नामाला निराळेच तेज चढले. आयर्लंडमध्ये १८८० साली कॅप्टन बॉयकॉट याच्याविरुद्ध झालेल्या असहकारातून इंग्रजीला ‘बॉयकॉट’ हा शब्द मिळाला होता. त्याच अर्थाने विदेशी मालावरील ‘बहिष्कार’ स्वदेशी आणि स्वराज्य यांच्या पंक्तीत येऊन बसला. परक्या कापडावरील बहिष्कार देशभक्ती ठरला. स्वकीय माणसांवरील बहिष्कार मात्र गावोगाव तसाच चालू राहिला.

हा विरोधाभास उघडा पाडला तो आपल्या चळवळीने. १९२० साली माणगाव व नागपूर येथील परिषदा बहिष्कृतांच्या परिषदा म्हणून भरल्या. १९२४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली, आणि महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिकाचा पहिला अंक निघाला.

या शब्दाचे सामर्थ्य त्याच्या घडणीत आहे. ‘अस्पृश्य’ म्हणजे स्पर्श करण्यास अयोग्य. हा शब्द दोष सोसणाऱ्याच्याच देहावर ठेवतो. ‘बहिष्कृत’ हे कर्मणी धातुसाधित आहे. ‘केलेला’ म्हटले की ‘कोणी केले?’ हा प्रश्न उभा राहतो. पूर्वीचे विशेषण हीनत्व सांगत होते. हे विशेषण अन्याय करणाऱ्याकडे बोट दाखवते. शिवाय ते ‘भारत’ या नामाला जोडल्यामुळे प्रश्न एका वस्तीचा राहिला नाही, देशाचा झाला. या सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले. गावाने ज्यांना बाहेर ठेवले, त्यांच्या मुलांना राहण्याची आणि शिकण्याची जागा देणे, हे बहिष्काराला दिलेले कृतिशील उत्तर होते. आपल्यासारख्या निवासी शाळा याच परंपरेत उभ्या आहेत.

१९३० मध्ये बाबासाहेबांच्या पत्राचे नाव ‘जनता’ झाले. त्यात विशेषणच नव्हते. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याच ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’ असे नामांतर झाले आणि त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, नागपूर येथे धम्मदीक्षेचा सोहळा झाला. ‘प्रबुद्ध’ हेही धातुसाधितच आहे. ज्या ‘बुध्’ धातूपासून ‘बुद्ध’ हा शब्द आला, त्याच धातूचे. परंतु येथे कर्ता दुसरा कोणी नाही. माणसाला बहिष्कृत दुसरे कोणी तरी करते. प्रबुद्ध त्याला स्वतःच व्हावे लागते. आपल्या मुक्तीच्या चळवळीचे सार या दोन शब्दांमधील अंतरात सापडते.

बहिष्कार मात्र अद्याप इतिहासजमा झालेला नाही. जातिबहिष्कृत करण्याविरुद्ध मुंबई प्रांताने १९४९ मध्ये केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरविला. पुढे महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला व २०१७ पासून तो अमलात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी नव्हे, एकविसाव्या शतकात असा कायदा करावा लागला, हे विसरता कामा नये.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एवढेच सांगावेसे वाटते. ‘बहिष्कृत’ हे विशेषण आपल्या पूर्वजांना जन्माबरोबर मिळत असे. ‘प्रबुद्ध’ हे विशेषण वारशाने मिळत नाही. पदवी, नोकरी आणि शहरातील घर मिळाल्यावर आपण कोणासाठी दार बंद करतो आहोत का, पोटजात पाहून सोयरीक नाकारतो आहोत का, हे ज्याचे त्याने तपासले पाहिजे. त्या उत्तरावरच आपल्या नावामागे कोणते विशेषण शोभेल, ते ठरेल.